आधी फौज, मग नियम

काचेच्या कपाटात दोनशे-अडीचशे सैनिक उभे आहेत. एकेकाची उंची जेमतेम २८ मिलिमीटर. लाल डगले, पांढरे पट्टे, संगिनी, घोड्यांच्या आयाळी, सगळे बारीक कुंचल्याने रंगवलेले. टेबलावर मांडायच्या युद्धखेळाचा नाद असलेल्या माणसाची ही कमाई असते आणि ती एका हंगामात होत नाही. एका सैनिकाला एकच तास धरला, तरी दोनशे सैनिक म्हणजे दोनशे तास. रोज संध्याकाळी तासभर बसणाऱ्याचे साडेसहा महिने. मग एक दिवस नवी नियमपुस्तिका हाती येते. छपाई देखणी, नियम सुटसुटीत, खेळणाऱ्यांत तिचीच चर्चा. आणि सुरुवातीच्याच पानांत लिहिलेले असते की पायदळ चौघाचौघांच्या गटाने अमुक रुंदीच्या पट्टीवर चिकटवलेले हवे, आणि एका पलटणीत चोवीस सैनिक हवेत. कपाटातले सैनिक मात्र एकेकटे गोल चकत्यांवर उभे असतात, नाहीतर तिघातिघांच्या पट्ट्यांवर, पलटणीत सोळा. इथे बरेच जण सुरी घेऊन सैनिक पट्टीवरून सोलायला बसतात, किंवा आणखी शंभर सैनिक मागवतात. हे दोन्ही मार्ग चुकीच्या टोकाकडून सुरू होतात, असे माझे मत आहे. फौज आहे तशी ठेवावी आणि तिला साजेसे नियम शोधावेत. यात कष्ट आणि पैसा वाचतो हे खरेच, पण माझा मुद्दा त्याहून मोठा आहे. संग्रह नीट वाचता आला, तर त्यातून कोणती लढाई उभी राहू शकते हे तो स्वतःच सांगतो, आणि पुष्कळदा कोणत्याही पुस्तिकेपेक्षा स्पष्टपणे सांगतो.

या खेळाला दोन पूर्वज आहेत आणि आजचा सारा गोंधळ त्या दोघांची सरमिसळ झाल्याने होतो. पहिला पूर्वज प्रशियातला. राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांपैकी वडिलांनी १८१२ च्या सुमारास राजासाठी युद्धाचा एक खेळ बनवला आणि मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये त्याचे नियम छापून त्याला लष्करी शिक्षणाचे साधन केले. नकाशाचे प्रमाण आधी ठरले, १:८०००. त्या प्रमाणात एक पलटण जमिनीवर जेवढी जागा व्यापते, तेवढ्याच लांबीचा ठोकळा कापला गेला. ठोकळ्याला चेहरा नव्हता, डगला नव्हता. नकाशाने आणि नियमाने दिलेले माप तेवढे त्याच्याजवळ होते. दुसरा पूर्वज इंग्लंडचा, एच. जी. वेल्स. १९१३ च्या त्याच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात सगळे नेमके उलटे घडते. ब्रिटन्स कंपनीचे पोकळ शिशाचे ५४ मिलिमीटरचे सैनिक आणि लाकडी गोळी उडवणारी स्प्रिंगची तोफ ही खेळणी घराघरांत आधीपासूनच होती. वेल्सने त्यांच्याभोवती नियम विणले. पायदळ एका खेपेस एक फूट चालते, घोडदळ दोन फूट. तोफ डागायला जवळ चार माणसे हवीत. गोळीने जो आडवा पडला तो मेला. हे नियम त्या खेळण्यांच्या अंगाला मापून शिवलेल्या कपड्यासारखे आहेत. पुढे १९५९ पासून एअरफिक्सने प्लास्टिकचे स्वस्त छोटे सैनिक बाजारात आणले, १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोनचे ‘वॉर गेम्स’ आले, आणि बाजारात जे सैनिक मिळतात त्यांवर बेतलेले खेळ रुजले. आज कपाटात रंगवलेली फौज असलेला प्रत्येक माणूस वेल्सच्या घराण्यातला आहे. पण पुस्तिका उघडली की तो राइसविट्झच्या घरात शिरल्यासारखा वागतो आणि आपल्या सैनिकांना ठोकळे समजून कापायला निघतो.

फौज टिकते आणि नियम जातात, ही गोष्ट नुसती भावनेची नाही, तारखांतून सिद्ध होणारी आहे. वॉरहॅमर ४०,००० हा खेळ १९८७ मध्ये आला आणि २०२३ मध्ये त्याची दहावी आवृत्ती निघाली. छत्तीस वर्षांत दहा आवृत्त्या. त्याच घराण्यातला जुना वॉरहॅमर १९८३ चा. त्यातले सैनिक चौकोनी तळांवर रांगेत उभे राहत. २०१५ मध्ये तो खेळ थांबवून त्याच्या जागी आलेल्या ‘एज ऑफ सिग्मार’ने गोल तळ आणले. अनेकांनी आपल्या फौजा चौकोनातून उपटून गोलावर बसवल्या. २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने रांगांचा खेळ परत आला आणि पुन्हा चौकोनी तळ मागू लागला. तेही जुने नव्हेत, कारण माणसांच्या पायदळाचा २० मिलिमीटरचा तळ आता २५ मिलिमीटरचा झाला होता. यात ज्यांनी काहीच उपटले नाही त्यांचे काय झाले? त्यांनी खाचा असलेले तबक घेतले, २० मिलिमीटरचे चौकोन २५ च्या अंतरावर बसवले आणि खेळायला सुरुवात केली. दहा वर्षांत दोनदा सुरी चालवणाऱ्याच्या हाती त्याहून अधिक काही लागले नाही. घोट्यातून मोडलेले सैनिक आणि खरवडलेला रंग मात्र त्याच्या वाट्याला आला.

याच्या उलट उदाहरण प्राचीन काळातल्या युद्धांच्या खेळाचे आहे आणि मला ते फार बोलके वाटते. फिल बार्कर आणि त्यांचे सहकारी यांच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने १९६९ पासून प्राचीन युद्धांचे नियम काढले. त्या परंपरेत दाटीने लढणारे चार पायदळी सैनिक २५ मिलिमीटर उंचीचे असतील तर ६० मिलिमीटर रुंद पट्टीवर आणि १५ मिलिमीटरचे असतील तर ४० मिलिमीटरच्या पट्टीवर, हे माप रूढ झाले. १९९० मध्ये त्यातूनच डी बेलिस अँटिक्विटाटिस आला, म्हणजे खेळणारे ज्याला डीबीए म्हणतात तो: एका बाजूला अवघ्या बारा पट्ट्या आणि तासाभरात निकाल. पुढे इतरांनी नवे खेळ लिहिले. २००८ चा ‘फील्ड ऑफ ग्लोरी’ आला, फ्रान्समधून ‘लार द ला गेर’ आला. फासे बदलले, हुकूम देण्याची रीत बदलली, गुण मोजण्याची पद्धत बदलली. पट्टीची रुंदी मात्र तीच राहिली. माझ्या मते याचे कारण उघड आहे. जगभरच्या कपाटांत त्या रुंदीच्या पट्ट्यांवर हजारो फौजा उभ्या होत्या आणि त्या मोडायला लावणारी पुस्तिका कोणी विकत घेतली नसती. इथे संग्रहांनीच नियमकर्त्यांना शिस्त लावली. एकटा संग्राहक हीच शिस्त आपल्या कपाटापुरती लावू शकतो. त्याला फक्त आपला संग्रह वाचता आला पाहिजे.

वाचायचे म्हणजे काय? पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न असा: या फौजेपुढे बसलेला मी कोण आहे? नाईक, कप्तान, पलटणीचा कर्नल, की सेनापती? याचे उत्तर आवडीवर सोडता येत नाही. सैनिकांची संख्या आणि उंची ते आधीच देऊन बसलेली असते. २८ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे साधारण साठाव्या हिश्शाचा माणूस. जमीनही साठाव्या हिश्शाने मांडायची तर जुन्या बंदुकीचा शंभर मीटरचा परिणामकारक पल्ला टेबलावर एक मीटर सदुसष्ट सेंटिमीटर होईल. जेवणाच्या मोठ्या टेबलाची किंवा सहा फुटी फळीची लांबी तेवढ्यात जवळजवळ संपली. म्हणून बारा-पंधरा माणसांच्या चकमकीपलीकडे गेले की प्रत्येक खेळात जमीन माणसांपेक्षा कितीतरी अधिक आक्रसलेली असते आणि टेबलावरचा एक सैनिक अनेकांच्या वतीने उभा असतो, मग पुस्तिकेत तसे लिहिलेले असो वा नसो. तो किती जणांच्या वतीने उभा आहे, यावर तुमचा हुद्दा ठरतो. वीस-पंचवीस सैनिक, प्रत्येकाची ढब वेगळी, प्रत्येक जण आपल्या चकतीवर मोकळा: ही कप्तानाची फौज आहे आणि तिला एकेका माणसाचे नशीब मोजणारे नियम हवेत. चाळीस-साठ असतील आणि सहा-सहा, बारा-बाराच्या टोळ्या पडत असतील, तर डॅनियल मर्सी यांच्या ‘लायन रॅम्पंट’सारखा २०१४ चा मध्ययुगीन खेळ जणू त्यांच्यासाठीच लिहिला आहे, त्यातल्या तुकड्याच बारांच्या आणि सहांच्या असतात आणि खेळणारा एक छोटा सरदार असतो. दोन-अडीचशे सैनिक पलटणींत विभागलेले असतील, तर रिक प्रिस्टली आणि जर्व्हिस जॉन्सन यांचा २००९ चा ‘ब्लॅक पावडर’ पाहावा. त्यात पलटण लहान, मध्यम की मोठी एवढेच विचारले जाते, पट्टी कोणती हे विचारलेच जात नाही. आणि ६ मिलिमीटरचे सैनिक असतील, एकाच ६० मिलिमीटरच्या पट्टीवर दोन डझन, तर तुम्ही खरोखर सेनापती आहात. त्या फौजेकडे कप्तानाच्या डोळ्यांनी पाहिले तर काहीच दिसणार नाही.

बहुतेक निराशा इथेच जन्माला येते. माणसाला सेनापती व्हायचे असते आणि कपाटात फौज कप्तानाची असते. साठ सैनिक घेऊन कोणी वॉटर्लू मांडतो. त्या दिवशी तिथे नेपोलियन आणि वेलिंग्टन यांचेच मिळून एक लाख चाळीस हजारांच्या आसपास लोक होते, प्रशियाचे वेगळे; म्हणजे टेबलावरचा एकेक सैनिक दोन-अडीच हजारांचा प्रतिनिधी झाला. नियम कितीही चांगले असोत, डोळ्यांना पटत नाही आणि खेळ कोरडा जातो. तेच साठ सैनिक घेऊन त्याच दिवसाचा ह्यूगोमाँ वाड्याचा उत्तर दरवाजा मांडावा: फ्रेंच आत घुसले आहेत आणि कर्नल मॅकडोनेल मूठभर माणसांनिशी दरवाजा रेटून बंद करतो आहे. आता प्रत्येक सैनिक एक माणूस आहे, त्याचा रंगवलेला चेहरा कामाला येतो, आणि फौज तीच असूनही टेबल भरून जाते. संग्रह अपुरा नव्हता. त्याला त्याच्या हुद्द्याबाहेरचे काम सांगितले गेले होते.

दुसरा प्रश्न तळांचा, आणि तो दिसतो तेवढा किरकोळ नाही. सैनिक एकेकटा आहे की गटाने चिकटवलेला, यावर मृत्यू टेबलावर कसा दाखवायचा हे ठरते. जुन्या पद्धतीच्या अनेक खेळांत फासे पडले की मेलेले सैनिक एकेक करून उचलले जातात. पलटण डोळ्यांदेखत झिजते आणि ते पाहण्यात एक कठोर सत्य आहे. पण सैनिक चौघांच्या पट्टीवर असतील तर तीन मेले हे कसे दाखवणार? मग पट्टीशेजारी छोटे फासे ठेवायचे, टोप्या चढवायच्या, कागदावर खुणा करायच्या. महिनोन् महिने खपून रंगवलेल्या रांगेला रंगीत फाशांची झालर लागते आणि ज्या दृश्यासाठी खटाटोप केला तेच झाकले जाते. गटाने चिकटवलेल्या फौजेला असे नियम हवेत, ज्यांत पलटण अखंड राहते आणि अखंडच मोडते: डळमळते, मागे सरते, उधळते, मग एकदम टेबलावरून जाते. डीबीए हेच करतो. नील थॉमस यांच्या २०१४ च्या ‘वन अवर वॉरगेम्स’मध्ये प्रत्येक तुकडी पंधरा घाव सोसते, मग तिच्यात सैनिक चार असोत की चाळीस. उलट एकेकटे सैनिक असतील तर दोन्ही दारे उघडी राहतात, कारण त्यांना तबकावर गोळा करून पलटण करता येते आणि हवे तेव्हा मोकळे सोडता येते. म्हणून एकेकट्या चकत्यांवरची फौज कायमची पट्टीला चिकटवणे ही मला सर्वांत वाईट घाई वाटते. त्यात एक दार आपण आपल्या हाताने बंद करतो.

आता हे सगळे एका खऱ्या लढाईवर लावून पाहू, आणि ती लढाई आपल्याच मातीतली घेऊ, कारण ब्रिटिश युद्धखेळात ती आवडीने मांडली जाते. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. एका बाजूला आर्थर वेलस्लीच्या सहा पलटणी, दोन हायलँडर आणि चार मद्रासी, आणि चार रिसाले. दुसऱ्या बाजूला शिंदे-भोसल्यांची फौज, जिचा कणा म्हणजे पोलमान या अधिकाऱ्याच्या हाताखालचे, कवायत शिकवलेले दहा हजारांच्या आसपास पायदळ आणि तोफा सुमारे शंभर. मराठ्यांची रांग मैलभर पसरलेली होती. दोन्ही बगलांना थोडी मोकळी जागा ठेवून अडीच किलोमीटर मुलूख सहा फुटी टेबलावर बसवायचा, तर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण चौदा मीटर. सहाशे माणसांची पलटण तीन रांगांत उभी राहिली तर तिची आघाडी ११० ते १२० मीटर. टेबलावर आठ सेंटिमीटर. २८ मिलिमीटरचा सैनिक रुंदीला दीड ते दोन सेंटिमीटर जागा घेतो. म्हणजे पलटणीच्या पहिल्या ओळीत चार-पाच सैनिक मावतात, दोन ओळी केल्या तर आठ-दहा. ज्याच्याकडे छत्तीस-छत्तीस सैनिकांच्या चार देखण्या पलटणी आहेत, त्याला असई मांडता येणार नाही; त्याने त्या दिवसाचा एक कोपरा घ्यावा. ज्याच्याकडे आठ-आठ, बारा-बारांच्या पंधरा-वीस तुकड्या आहेत, त्याच्या कपाटात असई आधीच उभी आहे. ही बेरीज-वजाबाकी दहा मिनिटांची आहे आणि ती कोणत्याही पुस्तिकेच्या प्रस्तावनेहून अधिक सांगते.

पण असई हेही शिकवते की नुसती बेरीज पुरत नाही. त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या ज्यांवाचून ती लढाई असई राहत नाही. उजवीकडच्या तुकड्यांना असई गावापासून दूर राहण्याचा हुकूम होता. ऑरॉक या अधिकाऱ्याने त्या थेट गावाच्या रोखाने नेल्या, मागून ७४ वी हायलँडर पलटण गेली आणि तोफांच्या माऱ्यात जवळजवळ नष्ट झाली. दुसरी गोष्ट मराठी गोलंदाजांची. संगिनींची लाट अंगावरून गेली तेव्हा त्यांतले कित्येक तोफांजवळ मेल्यासारखे पडून राहिले आणि शत्रू पुढे जाताच उठून त्याच्या पाठीवर तोफा डागू लागले. वेलस्लीला मागे फिरून त्याच तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. ज्या नियमांत प्रत्येक तुकडी सांगितल्याबरोबर सांगितल्या जागी जाते, त्यांत ऑरॉकची चूक घडूच शकत नाही. ज्या नियमांत तोफेला शत्रू भिडला की तोफ टेबलावरून उचलली जाते, त्यांत त्या गोलंदाजांचे धाडस नाहीसे होते, आणि मराठी वाचकाला ते नाहीसे झालेले चालू नये. म्हणून हा संग्रह असलेल्याने हुकूम चुकण्याची शक्यता फाशावर सोडणारे नियम घ्यावेत. ब्लॅक पावडरमध्ये हुकूम फाशावरच अवलंबून असतो. आणि तोफांबद्दल एक ओळ स्वतः जोडावी. संग्रह आधी हुद्दा सांगतो, मग तळ, आणि शेवटी तो ज्या युद्धाचा आहे त्या युद्धाचा स्वभाव. निवड या तिन्ही चाळण्यांतून जावी लागते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा घेतला जाईल: इतिहास नियमांत असतो, सैनिकांत नाही. युद्धखेळ हे युद्धाचे प्रारूप आहे. प्रारूप बरोबर असेल तर प्याद्याच्या जागी बटण ठेवले तरी चालेल, आणि प्रारूप चूक असेल तर सोन्याचे सैनिकही खोटेच बोलतील. तेव्हा आधी युद्धाचे खरे चित्र देणारे नियम निवडा आणि सैनिकांनी त्यांना वळण घ्यावे. हा राइसविट्झच्या घरातला आवाज आहे आणि त्याचा मी आदर करतो. पण ज्याला शुद्ध प्रारूप हवे त्याच्यासाठी ठोकळे आहेत, पुठ्ठ्याच्या चकत्या आहेत, नकाशे आहेत. तिथे ते प्रारूप अधिक नेमके होते आणि दोनशे तास वाचतात. ज्याने सैनिक रंगवले त्याने पाहण्याला खेळाचा भाग मानले आहे. दुसरे म्हणजे प्रारूपाचे सत्य मिलिमीटरांत नसते, ते नात्यांत असते. असईच्या हिशोबात बंदुकीचा पल्ला शंभर मीटर आणि पलटणीची आघाडी शंभराहून थोडी अधिक निघाली. म्हणजे पलटण आपल्या रुंदीइतक्या अंतरावर गोळी मारते. हे नाते ज्या खेळात टिकले तो खेळ या बाबतीत खरा, मग पट्टी चार सेंटिमीटरची असो की चौदाची. ब्लॅक पावडरमध्ये बंदूक अठरा इंच मारते, कारण तो खेळ मोठ्या पलटणी आणि मोठी टेबले डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला. तुमची पलटण नऊ इंच रुंद असेल तर सगळी अंतरे निम्मी करा. नाते पुन्हा जुळते. इंचाच्या जागी सेंटिमीटर मोजणे हाही लहान सैनिकांसाठी जुना आणि चांगला उपाय आहे. चांगल्या नियमकर्त्यांनी हे ओळखले आहे. २०१४ च्या डीबीएच्या तिसऱ्या आवृत्तीत अंतर पट्टीच्या रुंदीत मोजले जाते आणि सायमन मिलर यांच्या ‘टू द स्ट्राँगेस्ट’मध्ये टेबलावर चौकटी आखलेल्या असतात, चौकट आपल्या तुकडीच्या मापाची. दोन्हींत मोजपट्टी फौजेतूनच निघते. तेव्हा संग्रहाला धरून राहणे म्हणजे इतिहासाशी तडजोड करणे, हे गृहीतकच बरोबर नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. खेळायला समोर कोणी लागतो आणि तो जे खेळतो तेच खेळावे लागते. ही अडचण खरी आहे, पण तिचे दोन भाग आहेत. मित्रमंडळीत खेळताना दोघांच्या पट्ट्या सारख्याच असायला हव्यात असे नाही. तुकडीची आघाडी साधारण जुळली की पुरते आणि ती तबकाने जुळवता येते. शिवाय दोन्ही बाजूंच्या फौजा स्वतःकडे असतील तर प्रश्नच उरत नाही. डीबीएच्या दोन फौजा म्हणजे चोवीस पट्ट्या, सत्तर-ऐंशी सैनिकांच्या आसपास; ते एका माणसाच्या आवाक्यातले काम आहे आणि पाहुण्याने फक्त येऊन बसायचे. स्पर्धांची गोष्ट मात्र वेगळी. अनोळखी माणसांच्या फौजा एकमेकींपुढे न्यायाने उभ्या राहायच्या तर माप एक हवेच आणि तिथे नियम आधी, फौज मग, हेच योग्य. ज्याच्याकडे अजून एकही सैनिक नाही त्यालाही मी हेच सांगेन: आधी दोन-तीन खेळ पुठ्ठ्याचे तुकडे मांडून खेळून पाहावेत आणि मगच पहिला सैनिक घ्यावा. माझा सारा युक्तिवाद त्या माणसासाठी आहे ज्याचे कपाट आधीच भरलेले आहे.

भरलेले कपाट म्हटले की आपल्याकडचा एक संग्रह आठवल्याशिवाय राहत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे महाराष्ट्रात असंख्य घरांत खोक्यांतून, कागदात गुंडाळून वर्षभर जपले जातात. युद्धखेळाच्या दृष्टीने हा संग्रह फार विलक्षण आहे. सिंहासनावरचे महाराज सर्वांत मोठे, भालदार त्याहून लहान, तोफेजवळचा गोलंदाज आणखी वेगळ्या मापाचा. आकार अंतरावरून नाही, मानावरून ठरलेला. आणि बहुतेक खोक्यांत शत्रूच नसतो. कोणतीही पाश्चात्त्य पुस्तिका या फौजेला नापास करील. पण तीन चाळण्या लावल्या तर तिचे म्हणणे स्पष्ट ऐकू येते. वीस-तीस मावळे म्हणजे किल्लेदाराची शिबंदी, सेनापतीची फौज नाही. मापे जुळत नाहीत, तेव्हा इंचांत मोजणे सोडून बुरूज, दरवाजा, माची, बालेकिल्ला अशा जागांवरून जागांवर सरकणारा खेळ हवा. शत्रू नाही, तेव्हा तो फाशाने किंवा चिठ्ठ्यांनी यावा: कुठल्या बाजूने शिडी लागली, सुरुंग कुठे पेरला, रसद किती दिवसांची उरली. मातीचा किल्ला तर समोर बांधलेलाच आहे. असा वेढ्याचा खेळ लिहायला दोन पाने पुरतील आणि त्यासाठी एकही मावळा बदलावा लागणार नाही.

शेवटचा आक्षेप असा, की याने माणूस आपल्या जुन्या खरेदीचा कैदी होतो. संग्रह चुकीचा जमला असेल तर चूकच जपत बसायची का? नाही. संग्रहात भर घालणे आणि संग्रह मोडणे यांत फरक आहे. दोनशे सैनिकांच्या फौजेला दोन तोफा आणि एक सेनापती कमी पडत असेल तर ते जरूर घ्यावेत. ती फौजेचीच मागणी आहे. प्रत्येक काळाचे पाच-पाच सैनिक जमले असतील तर त्यांतून पलटण होणार नाही हे मान्य करावे आणि त्यांतला एखादा काळ निवडून तो वाढवावा. पण उभ्या फौजेचे पाय पट्टीवरून सोडवण्याआधी तीनदा विचार करावा, कारण हे सैनिक त्यांच्या पुस्तिकांपेक्षा जास्त जगतात, आणि पुष्कळदा रंगवणाऱ्यापेक्षाही. १९७० च्या दशकात ६० मिलिमीटरच्या पट्ट्यांवर बसवलेली प्राचीन ग्रीक हॉपलाइटांची फौज कोणाच्या तरी माळ्यावरून आज खाली आली, तर तिच्यावरची धूळ मऊ कुंचल्याने झटकायची, एखादा वाकलेला भाला सरळ करायचा, आणि त्याच संध्याकाळी ती, जिच्या जन्माच्या वेळी लिहिलेही गेले नव्हते अशा नियमांनी, शेजारच्या नव्या फौजेसमोर टेबलावर उभी राहू शकते.